ओलं फडकं आणि अठ्ठावीस अंश

वसईच्या माणिकपूरमधलं आमचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि त्याच्या वर फक्त गच्ची. मार्च लागला की दिवसभराचं ऊन स्लॅबमध्ये मुरायचं आणि संध्याकाळी सहानंतर हळूहळू खाली घरात उतरायचं. बाहेर समुद्राकडून वारा सुटलेला असायचा, तळमजल्यावरची माणसं खुर्च्या टाकून अंगणात बसलेली असायची, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला हात लावला तर ती गरम लागायची. तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर गिरगावची जागा सोडून हे घर घेतलं तेव्हा त्यांना वरचाच मजला हवा होता, उजेड भरपूर म्हणून. तो उजेड त्यांना दोनच वर्षं मिळाला.

हे सगळं झाडाबद्दल लिहायचं म्हणून सांगते आहे. १९९८च्या डिसेंबरात तुम्ही टोरांटोला गेलात. जाण्याआधी पंधरा दिवस तुमच्या आईच्या माहेरी, बंगळूरला होतात आणि तिथून परत येताना तुमच्यापैकी मोठीने प्लास्टिकच्या पेल्यात एक रोप आणलं होतं. यापुढे मी 'तू' लिहीन तेव्हा ती मोठी समजावी. धाकट्याने रागावू नये. तो तेव्हा दीड वर्षाचा होता आणि त्याने रोपाचं एक पान तोडून तोंडात घातलं होतं, एवढाच त्याचा या हकिगतीशी संबंध.

रोप चहाच्या बशीएवढं होतं. जाड, मांसल पानं एकाभोवती एक अशी बसलेली, जणू कोणी निळसर हिरव्या दगडातून कमळ कोरलं आहे. तू सहा वर्षांची होतीस. विमानतळावर जायची गाडी खाली उभी होती, तुझा बाबा तिसऱ्यांदा पासपोर्ट मोजत होता आणि तू तो पेला माझ्या हातात देऊन बाईंसारखी सूचना देत होतीस.

"आजी, याला जास्त गरम होऊ द्यायचं नाही. नर्सरीवाल्या अंकलनी सांगितलंय. गरम झालं तर मरतं."

"नाही होऊ देणार."

"प्रॉमिस?"

मी प्रॉमिस म्हटलं. तेव्हा घरात चोवीस अंश होते. डिसेंबरात वसईत कोणीही असलं वचन देऊ शकतं.

चोवीस हा आकडा मला आठवतो, कारण मी तो लिहून ठेवला होता. आमच्या डॉक्टरांनी मला एक तापमापक दिला होता, औषधाच्या कंपन्या वाटतात तसला, पुठ्ठ्यावर बसवलेला, एका बाजूला सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला फॅरनहाइट. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवला. भिंतीवर तापमापक आहे आणि त्याची नोंद नाही, हे मला चालण्यासारखं नव्हतं. एका जुन्या वहीत सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा असे तीन रकाने आखले. तुम्ही गेल्यावर दिवसाला तीन ठरलेल्या वेळा असणं मला बरं वाटायचं.

तुमचा फोन दर रविवारी संध्याकाळी सात वाजता यायचा. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असायची. आधी तुझा बाबा बोलायचा, मग आई, मग फोन तुझ्याकडे यायचा आणि शेवटी धाकट्याचा श्वास ऐकू यायचा. बाबाच्या फोन कार्डावर मिनिटं ठरलेली होती. पहिल्या दोन रविवारी तुला काय विचारावं तेच मला सुचेना. मी शाळा कशी आहे विचारलं, तू म्हणालीस छान. बर्फ आहे का विचारलं, तू म्हणालीस आहे. मग आपण दोघी गप्प आणि मधे समुद्रातून येतो तसा खरखराट. आयुष्यभर मुलांना बोलतं केलेली बाई मी, आणि नातीसमोर माझा तास रिकामा जात होता.

तिसऱ्या रविवारी तू आपणहून विचारलंस, "आजी, प्लांट कसं आहे?"

मी सांगितलं. किती पानं आहेत, मधलं नवं पान केवढं आहे, सकाळी आठला किती अंश होते. तू विचारलंस, अठरा म्हणजे थंड का? मी म्हटलं, त्याला आवडतं तेवढं थंड. तू सांगितलंस की तुमच्याकडे शून्याच्या खाली वीस आहेत आणि नाकातले केस कडक होतात. मला फार हसू आलं. त्या दिवशी आपण कार्डाची सगळी मिनिटं बोललो.

त्यानंतर दर रविवारी तू तोच प्रश्न विचारायचीस आणि मी आठवडाभर त्याच्या उत्तराची तयारी करायचे. गुरुवारपासून मुद्दे काढायचे. झाड जगवणं हे मुळात तुला दिलेल्या शब्दासाठी होतं, पण फेब्रुवारीपर्यंत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी झालं. हे झाड मेलं तर रविवारी सातला मी तुझ्याशी काय बोलणार होते?

रद्दीवाल्याकडे मला घरातल्या झाडांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, मुखपृष्ठ नसलेलं. त्यात अशा झाडांवर चार पानं होती. साठ ते पंचाहत्तर अंश फॅरनहाइट, पहिलं हिम पडण्याआधी घरात घ्यावं, दक्षिणेच्या खिडकीत ठेवावं. मी पेन्सिलने खुणा केल्या. भूगोल शिकवलेल्या बाईला हे पुस्तक कुठल्या अक्षांशावर बसून लिहिलंय हा प्रश्न पडायला हवा होता. छापील इंग्रजीपुढे माझी बुद्धी थोडी मान खाली घालून उभी राहते, ही माझ्या शिक्षणाची खोड आहे. पंचाहत्तर म्हणजे आपले चोवीस. मी वहीत चोवीसवर लाल रेघ मारली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा आकडा तेहतीसवर गेला. एप्रिलात पस्तीस. झाड मी आधी पश्चिमेच्या गॅलरीतून आत घेतलं, मग बैठकीच्या खोलीत पंख्याखाली ठेवलं, मग वीज जायला लागली तेव्हा मोरीतल्या फरशीवर, कारण सगळ्या घरात तीच जागा जरा गार होती. आंघोळीच्या वेळी उचलून बाहेर, मग परत आत. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्याचा विचारही मनात आला होता, हे लिहायला लाज वाटते. शेवटी स्वयंपाकघरात माठाच्या तिवईशेजारी त्याची जागा ठरली आणि तिथे मला ती युक्ती सुचली.

माझी आई दूध नासू नये म्हणून पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवायची आणि वरून ओलं फडकं गुंडाळायची. फडक्याची टोकं पाण्यात बुडलेली, म्हणजे ते आपोआप ओलं राहतं. गिरगावात आमच्या चाळीत सगळ्याच घरांत उन्हाळाभर दूध असं बसलेलं असायचं. मी तेच केलं. झाड आता मातीच्या छोट्या कुंडीत होतं. ती कुंडी परातीत ठेवली, परातीत दोन बोटं पाणी, कुंडीभोवती जुन्या सुती साडीचं फडकं. तापमापकही फडक्याला टेकून उभा केला.

अर्ध्या तासात तेहतीसचे अठ्ठावीस झाले.

मला झालेला आनंद काय सांगू. शाळेत मी दरवर्षी हाच प्रयोग करून दाखवायचे. दोन तापमापक, एकाच्या फुग्याला ओलं कापड, आणि मुलांना विचारायचं की ओल्याचा आकडा कमी का. मुलं म्हणायची, वाफ होताना उष्णता जाते. शाबास. आता तीच गोष्ट माझ्या कामी आली होती. चोवीस नाहीत, पण अठ्ठावीस. वहीत चौथा रकाना आखला, 'परातीत'. टँकरचं पाणी दिवसाआड यायचं, त्यातलं मी तांदूळ धुतलेलं पाणी परातीसाठी बाजूला ठेवायचे.

रविवारी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "वॉव आजी, तू एसी बनवलास!"

एप्रिलचे उरलेले दिवस आकडा सत्तावीस ते एकोणतीसमध्येच राहिला. मेच्या पहिल्या आठवड्यात खालचं एक पान पिवळं झालं. काचेसारखं पारदर्शक आणि पाण्याने भरलेलं. बोट लावल्याबरोबर ते गळून पडलं. मला वाटलं, उष्णतेनेच. मी फडकं दुहेरी केलं. दोन दिवसांनी आणखी तीन पानं. त्या रविवारी तू विचारलंस आणि मी म्हटलं, "छान आहे." तू विचारलंस, "हॉट नाही ना?" मी म्हटलं, "अठ्ठावीस." आकडा खरा होता.

पुढच्या रविवारीही मी छान म्हणाले. त्याच्या पुढच्याही. नवं पान किती मोठं झालं तेही सांगितलं. नवं पान नव्हतंच. मी आयुष्यात मुलांच्या किती खोट्या सबबी पकडल्या असतील, आणि आता स्वतः रिसीव्हर धरून मिलिमीटरमध्ये खोटं बोलत होते.

पाचूबंदरहून एक कोळीण आमच्या इमारतीत मासे घेऊन यायची. माझ्याच वयाची, पण जिना माझ्यापेक्षा लवकर चढायची. मंगळवार आणि शुक्रवार. एकटीसाठी मी काय घेणार, दोन बांगडे, कधी चार मांदेली, तरी ती चौथ्या मजल्यापर्यंत यायची आणि दारात पाटी टेकून बसायची. तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायचे. ती मला बाय म्हणायची. अहोजाहो तिने कधी केलं नाही. आमच्या इमारतीत मला 'तू' म्हणणारी ती एकटीच उरली होती.

मेअखेरच्या एका शुक्रवारी तिने प्यायला पाणी मागितलं आणि माझ्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"ह्यां काय गो बाय? दूध इकतंस का आता?"

"दूध नाही मावशी. झाड आहे."

"झाड?" ती वाकली. "त्याला का पंचा नेसवलास? आंगोळ करतंय?"

"गरम होऊ नये म्हणून. त्याला थंड लागतं."

तिने फडकं दोन बोटांनी उचललं, कुंडीची माती दाबली आणि बोट नाकाशी नेलं. मासळीत आयुष्य गेलेलं नाक. तिने तोंड वाकडं केलं.

"सडलं गो. वास मारतं. तुला नाय येत?"

मला येत नव्हता. किंवा येत होता आणि मी तो मोरीचा समजत होते.

"पण तापमान बरोबर आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी खरंच बोलले. तापमापकाकडे बोटही दाखवलं.

ती हसली नाही, ते बरं. म्हणाली, "बाय, माझ्या दारावर कोरफड टांगलीय. उलटी, मुळं वर करून. दिष्ट लागू नये म्हनून. दोन पावसाळे झाले. माती नाय, पानी नाय, वर पत्रा तापतो नुसता. आन ती मेलीय का? तिला कोंब आलाय."

"ती कोरफड."

"मंग ह्यां काय हाय? हात लाव. त्याच्या अंगातच पानी भरलंय. त्याला वारा पायजे, तू पानी पाजतंस. आमचे बोंबील काय मी पंच्यात गुंडाळून सुकवते?"

मग ती म्हणाली, वरचा गड्डा अजून घट्ट आहे, तेवढा कापून काढ आणि खालचं टाकून दे. मी म्हटलं, तुमच्याकडे सुरी आहे, तुम्हीच कापा. ती म्हणाली, "माझ्या सुरीला म्हावऱ्याचा वास. तुझी आन." मी आणली, पण माझा हात काही धजेना. शेवटी तिनेच कापलं, एका झटक्यात, बांगड्याचं डोकं उडवावं तसं. देठ आतून तपकिरी होता. तिने आणखी एक चकती कापली, मग आणखी एक. चौथ्या वेळी देठ आतून पांढरा हिरवा निघाला.

"आता ह्याला कागदावर ठेव खिडकीत. पानी नाय, माती नाय. बघू पन नको सारखी सारखी."

"किती दिवस?"

"त्याला इचार," असं म्हणून ती पाटी डोक्यावर घेऊन गेली. बांगडे द्यायचे राहिले ते तिला दुसऱ्या मजल्यावर आठवलं, परत चढून आली.

मुळं नसलेलं, माती नसलेलं ते मुंडकं वर्तमानपत्रावर स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत ठेवलं. शनिवारी मी त्याच्याकडे किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. रविवारी दुपारी ठरवलं की आज खरं बोलायचं. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, कारण तुझं मराठी तोवर थोडं अडखळायला लागलं होतं आणि मला सोपे शब्द हवे होते.

सातला फोन आला. बाबा बोलला, आई बोलली. मग तू.

"आजी, प्लांट कसं आहे?"

"बाळा, झाड बरं नाही. तीन आठवडे मी तुला खोटं सांगत होते. ते खालून सडलं. आता त्याचं डोकं तेवढं कापून ठेवलंय. जगेल की नाही मला माहीत नाही. माझी चूक झाली. मी तुला प्रॉमिस केलं होतं."

मला वाटलं, तू आता रडशील.

"ओके," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "आजी, मग आता मी काय विचारू?"

"म्हणजे?"

"बाबा म्हणतो, आजीला आधी प्लांटचं विचार. प्लांटचं विचारलं की आजी बोलते. मग आता नेक्स्ट संडेला काय विचारू?"

मागून तुझ्या बाबाचा आवाज आला, "अगं ए, दे इकडे." फोन त्याच्याकडे गेला. "आई, तसं नाही गं. ती काहीतरीच बोलते. तिला खरंच आवडतं ते झाड."

"अरे, त्यात काय," मी म्हटलं. "बरोबर केलंस. मुलांना सांगावं लागतं." आणि ते मी मनापासून म्हटलं. शाळेत तपासनीस यायचे तेव्हा मीही मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचे, कोणी काय विचारायचं, कोणी काय उत्तर द्यायचं. पाहुण्यांना वाटायचं, किती चौकस वर्ग आहे. मी धाकट्याचा खोकला कसा आहे ते विचारलं. बाबाने सांगितलं. मग मिनिटं संपली आणि फोन आपोआप बंद झाला, तो आपण होऊन ठेवायची वेळ आम्हा दोघांवर आली नाही.

मी बसून राहिले. खालच्या अंगणात कोणीतरी रेडिओ लावला होता. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी आठवडाभर झटत होते, तो एका सहा वर्षांच्या मुलीला घरचा अभ्यास म्हणून दिलेला होता. तू तो न चुकता केलास. माझी वर्गातली मुलगी असतीस तर मी तुला पैकीच्या पैकी दिले असते. त्या संध्याकाळी मी वहीत सहाचा आकडा लिहिला नाही आणि दुसऱ्या दिवशी आठचाही नाही.

झाडाला विसाव्या दिवशी मुळं आली. कापलेल्या देठातून चार गुलाबी दोरे, कोरड्या वर्तमानपत्रावर, कशाच्या आशेने आले कोण जाणे. त्या दिवशी स्वयंपाकघरात बत्तीस अंश होते. म्हणजे उष्णता त्याला मारत नव्हती. उष्णतेत मी दिलेलं पाणी मारत होतं, आणि त्या फडक्याने कोंडलेला वारा. मी ते वाळू आणि विटेच्या चुऱ्यात लावलं, त्याच खिडकीत, जिथून वारा सतत जायचा. पाणी पंधरा दिवसांनी, तेही चमचाभर. पावसाळाभर तर तेवढंही नाही.

मंगळवारी मावशीला दाखवलं. तिने कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"जगलं गो! बघ. आता नको त्याला कुंची शिवू."

त्या बातमीवर हसलेली ती एकटीच. रविवारी मी तुला सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तुझ्या बाबाने परत तुला तो प्रश्न दिला असता आणि मी त्याचं उत्तर दिलं असतं, आणि आता त्या प्रश्नामागे मला बाबाचा आवाज ऐकू आला असता. मी विचारलं, शाळा कशी आहे. तू म्हणालीस, छान. तू विचारलंस, आजी तू कशी आहेस. मी म्हटलं, छान. मग तू फोन धाकट्याच्या कानाला लावलास आणि मी त्याचा श्वास ऐकला.

असे रविवार बरेच गेले. पुढे तू पोहायला जायला लागलीस, रविवारची सकाळ त्यात जायची आणि बाबा म्हणायचा, ती घरात नाही, तुला हाय सांगितलंय.

२००२च्या डिसेंबरात तुम्ही आलात. तू दहा वर्षांची, माझ्या खांद्याला लागत होतीस. धाकटा घरभर पळत होता आणि पाणी बाटलीतलंच पीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते आणि तू ओट्याशेजारी उभी होतीस. खिडकीत झाड होतं. चार वर्षांत ते मोठं काही झालं नव्हतं, देठ जरा लांब आणि वाकडा, पण वरचा गड्डा निळसर आणि भरलेला.

तू म्हणालीस, "आजी, धिस इज सो प्रिटी. कुठून आणलंस?"

पोळी तव्यावर होती. मी ती उलटली. 'बंगळूरहून, तू' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं तर तुला वाईट वाटलं असतं, तू विसरलीस म्हणून, आणि सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी मला ते नको होतं.

"एकांनी दिलं," मी म्हटलं.

"कॅन आय टच इट?"

"हळूच."

तू वरच्या एका पानावर बोट ठेवलंस. त्या पानांवर पिठासारखा एक पातळ थर असतो, तो एकदा निघाला की परत धरत नाही. तू बोट उचललंस तेव्हा तिथे लंबगोल ठसा होता, खालचं गडद हिरवं दिसत होतं. तू घाबरून माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, असू दे.

जानेवारीत तुम्ही परत गेलात. तो ठसा त्या पानावर पुढचं वर्षभर होता. मधून नवी पानं येत गेली तसं ते पान बाहेर बाहेर सरकत गेलं, मग सर्वांत खालचं झालं, आणि एका सकाळी वाळून वाळूवर पडलेलं दिसलं.